नवा विज्ञानकथाकार कुठे शोधावा: मासिकात, छोट्या प्रकाशनात की स्वप्रकाशित पुस्तकांत?

विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा वाचणाऱ्याच्या वाट्याला हा टप्पा कधी ना कधी येतोच. नावाजलेले लेखक वाचून होतात, दुकानाच्या दर्शनी फळीवर तीच ती मुखपृष्ठं दिसत राहतात आणि एक दिवस लक्षात येतं, की वर्षभरात आपली झोप उडवणारं एकही पुस्तक हाती लागलेलं नाही. अशा वेळी स्वतंत्र लेखकांकडे आणि छोट्या प्रकाशनांकडे वळायचं असं आपण ठरवतो, पण सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. वाटा मुख्यतः तीन: कथामासिकं, छोटी प्रकाशनं आणि लेखकांनी स्वतः काढलेली पुस्तकं. तिन्हीकडे मला जिवाभावाचे लेखक मिळाले आहेत, पण या तीन वाटा एकाच प्रकारच्या वाचकासाठी नाहीत.

मी आधी एक गोष्ट बघतो: हे लिखाण माझ्यापर्यंत येण्याआधी कुणाच्या हाताखालून गेलं? मासिकातली कथा संपादकाने ढिगातून उचललेली असते. छोट्या प्रकाशनाच्या पुस्तकावर कुणीतरी स्वतःचा पैसा आणि वर्ष-दीड वर्ष लावलेलं असतं. स्वप्रकाशित पुस्तकाच्या बाबतीत ही निवड बहुतेक वेळा तुम्हालाच करावी लागते. किती वेळ जाईल, किती पुस्तकं अर्धवट टाकावी लागतील, हे सगळं यावरच ठरतं.

मासिकांपासून बघू. ‘स्ट्रेंज होरायझन्स’ २००० पासून स्वयंसेवकांच्या आणि देणग्यांच्या जोरावर चालू आहे. ‘क्लार्कस्वर्ल्ड’ २००६ मध्ये, ‘लाइटस्पीड’ २०१० मध्ये, ‘अनकॅनी’ २०१४ मध्ये सुरू झालं. या मासिकांतल्या कथा ऑनलाइन मोफत वाचता येतात. एक कथा म्हणजे फार तर अर्धा-पाऊण तास, त्यामुळे निवड चुकली तरी नुकसान तेवढंच. भाषांतरित कथा हव्या असतील तर मासिकांना तोड नाही: ‘क्लार्कस्वर्ल्ड’ने चिनी कथा सातत्याने छापल्या आहेत आणि ‘स्ट्रेंज होरायझन्स’चं ‘सामोवार’ हे भावंड खास भाषांतरांसाठीच आहे.

संपादकाच्या निवडीची किंमत काय, हे २०२३ च्या फेब्रुवारीत ठळक दिसलं. यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतलेल्या कथांचा एवढा लोंढा आला, की ‘क्लार्कस्वर्ल्ड’ला काही काळ नव्या कथा घेणंच थांबवावं लागलं. त्याच वर्षी ॲमेझॉनने किंडलवरची मासिकांची वर्गणी बंद केली आणि अनेक मासिकांचं बांधलेलं उत्पन्न गेलं. म्हणून मोफत वाचता येत असलं तरी आवडलेल्या एका मासिकाची वर्गणी थेट भरा, असं मी आग्रहाने सांगेन.

मासिकांची उणीव अशी, की कथा मनात घर करते, लेखकाचं नाव टिपून ठेवतो आणि पुढे कळतं, की त्याचं पुस्तक अजून आलेलंच नाही. कधी कधी ते पाच-सात वर्षांनी येतं. तुम्हाला कादंबरीत महिनाभर राहायला आवडत असेल, तर नुसत्या मासिकांवर भूक भागणार नाही.

छोट्या प्रकाशनांबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण माझ्या मते अजून काहीच ठरलेलं नसेल तर सुरुवात इथूनच करावी. हा प्रकार नवा नाही. अमेरिकी भयकथाकार लव्हक्राफ्ट १९३७ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या कथा मासिकांत विखुरलेल्या होत्या आणि मोठे प्रकाशक त्यांचा संग्रह काढायला तयार नव्हते. ऑगस्ट डेरलेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्री यांनी मग १९३९ मध्ये ‘आर्कम हाउस’ काढलं आणि पहिल्या संग्रहाच्या १,२६८ प्रती छापल्या. तेवढ्या खपायलाही वर्षं लागली. आज भयकथेत ज्यांचं नाव टाळता येत नाही, ते लेखक दोन चाहत्यांच्या हट्टामुळे पुस्तकरूपाने टिकले.

आजची उदाहरणंही कमी नाहीत. केली लिंक आणि गॅव्हिन ग्रँट यांनी २००० मध्ये ‘स्मॉल बिअर प्रेस’ सुरू केलं. सोफिया समतर यांची पहिली कादंबरी तिथूनच २०१३ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी तिला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. सिॲटलचं ‘ॲक्वेडक्ट प्रेस’ २००४ पासून स्त्रीवादी विज्ञानकथेला वाहिलेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोचं ‘टॅकिऑन’ १९९५ चं, इंग्लंडमधलं ‘न्यूकॉन प्रेस’ २००६ चं. या प्रत्येकाची स्वतःची आवड आहे आणि ती पुस्तकागणिक जाणवते. मोठ्या प्रकाशनाच्या यादीत वीस आवडी एकत्र नांदतात. छोट्या प्रकाशनात एक-दोन माणसांचीच आवड चालते, आणि ती तुमच्याशी जुळली की पुढची पाच पुस्तकं डोळे मिटून घेता येतात. त्यामुळे इथे पुस्तकापेक्षा प्रकाशन निवडावं.

अशा प्रकाशनाचा कथासंग्रह हाती आला, की सुरुवातीचं बारीक अक्षरांतलं पान उलटून जाऊ नका. कोणती कथा आधी कुठे, कोणत्या वर्षी छापली गेली याची नोंद तिथे किंवा पुस्तकाच्या शेवटी असते. वंदना सिंग यांचा ‘स्मॉल बिअर’ने २०१८ मध्ये काढलेला संग्रह घ्या. त्याची शीर्षककथा २०१५ मध्ये टॉर डॉट कॉम या संकेतस्थळावर आली होती (तेच आता ‘रिॲक्टर’). पेन्सिल घ्यायची आणि अशा नोंदींतल्या मासिकांच्या, संकलनांच्या नावांखाली रेघ ओढायची. तीन-चार संग्रहांत एकच नाव पुन्हा दिसलं, तर त्या संपादकाची आणि तुमची आवड जुळते असं समजायला हरकत नाही. मला हवेसे वाटलेले निम्मे लेखक या पानांवरूनच सापडले.

धोकेही आहेत आणि ते लपवू नयेत. छोटं प्रकाशन दोन-चार माणसांवर चालतं. एक आजारी पडलं की पुस्तक सहा महिने पुढे जातं. मी एका त्रयीचे दोन भाग घेतले आणि तिसरा येण्याआधी प्रकाशनच बंद पडलं. कथानक जिथे थांबलं तिथेच माझ्या मनात अजून उभं आहे. प्रकाशन धडधाकट असलं तरी वितरक कोसळू शकतो: अमेरिकेत शेकडो छोट्या प्रकाशनांची पुस्तकं पोचवणारी ‘स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्युशन’ ही संस्था २०२४ च्या मार्चमध्ये अचानक बंद झाली. त्यामुळे अशा ठिकाणी मालिकेपेक्षा एका भागात संपणारं पुस्तक किंवा कथासंग्रह आधी घ्यावा. आणि आवडलेलं पुस्तक मिळतंय तोवर घेऊन ठेवावं, कारण दुसऱ्या आवृत्तीची खात्री कुणीच देत नाही.

आता स्वप्रकाशित पुस्तकं. इथे पसारा अफाट आहे. ॲमेझॉनने २०२३ मध्ये एका खात्यावरून दिवसाला तीनच नवी पुस्तकं काढता येतील अशी मर्यादा घातली, यावरूनच अंदाज यावा. पण दर्जा नसतोच, असं म्हणणाऱ्याने इथलं वाचलेलं नसतं. बेकी चेंबर्स यांनी पहिली कादंबरी पूर्ण करायला २०१२ मध्ये वाचकांकडून पैसे गोळा केले, २०१४ मध्ये ती स्वतः काढली, पुढच्या वर्षी मोठ्या प्रकाशकाने ती उचलली आणि २०१९ मध्ये तिच्यापासून सुरू झालेल्या मालिकेला विज्ञानकथेतला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. एवढ्या पसाऱ्यात असं पुस्तक हाती लागावं कसं, हीच इथली अडचण.

माझा भरवसा एका स्पर्धेवर आहे. लेखक मार्क लॉरेन्स यांनी २०१५ मध्ये स्वप्रकाशित अद्भुत कादंबऱ्यांसाठी ‘एसपीएफबीओ’ सुरू केली. ३०० पुस्तकं, समीक्षकांचे १० गट, प्रत्येक गटाकडे ३०. प्रत्येक गट एक पुस्तक पुढे पाठवतो आणि ती १० पुस्तकं मग सगळे गट वाचतात. ३०० मधून १० ही निवड चांगलीच कडक आहे. त्यातही विजेत्यापेक्षा अंतिम दहांची यादी बघावी, कारण दहा गटांच्या सरासरीत विक्षिप्त पुस्तक मागे पडू शकतं आणि आपल्याला नेमकं तेच हवं असू शकतं. विज्ञानकथेसाठी अशीच ‘एसपीएसएफसी’ २०२१ मध्ये सुरू झाली.

स्पर्धेबाहेरचं पुस्तक घ्यायचं तर नमुन्याची पानं वाचाच, आणि ती पहिल्या प्रकरणावर सोडू नका. पहिलं प्रकरण सगळेच घासूनपुसून लिहितात. दुसऱ्या प्रकरणात दोन पात्रं बोलायला लागली, की संपादनाचा हात फिरला आहे की नाही ते कळतं. एकमेकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी ती एकमेकांना समजावून सांगत असतील, तर मी तिथेच थांबतो.

पैशाचं गणितही वेगळं आहे. मोठ्या प्रकाशनात ई-बुकच्या निव्वळ उत्पन्नातला साधारण २५ टक्के वाटा लेखकाला मिळतो. ॲमेझॉनवर स्वतः पुस्तक काढणाऱ्याला ठराविक किंमतपट्ट्यात ७० टक्के मिळतात. मात्र ‘किंडल अनलिमिटेड’ या ॲमेझॉनच्या वर्गणी-योजनेत पुस्तक ठेवायचं तर त्याचं ई-बुक ९० दिवस दुसरीकडे कुठेही देता येत नाही, आणि वर्गणीदाराने वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात. भराभर वाचणाऱ्याला ही वर्गणी परवडते. महिन्याला एक पुस्तक वाचणाऱ्याने ते एकच विकत घ्यावं.

अजून एक सोय सांगून ठेवतो: ‘स्टोरीबंडल’. एखादा लेखक किंवा संपादक निवडक ई-बुकांचा संच बांधतो, किमान रकमेच्या वर किती द्यायचं ते आपण ठरवतो. पुस्तकांना कुलूप नसतं, कोणत्याही यंत्रावर वाचता येतात. एकदम आठ-दहा अनोळखी नावं चाखून बघायला हा मार्ग उत्तम, फक्त संच कोणी बांधला ते आधी बघा.

तर कुणी काय घ्यावं? आठवड्याला तासभरच मिळत असेल, किंवा तुम्ही स्वतः लिहिता आणि आज काय लिहिलं जातंय ते जाणून घ्यायचं असेल, तर मासिक. भाषेवर आणि वेगळेपणावर जीव असेल, थोडी वाट बघायची तयारी असेल, तर छोटं प्रकाशन. लांबलचक मालिकांत रमत असाल आणि दहातली सहा पुस्तकं मध्येच सोडून देताना अपराधी वाटत नसेल, तर स्वप्रकाशित. अजूनही ठरत नसेल, तर एखाद्या छोट्या प्रकाशनाचा अनेक लेखकांचा कथासंग्रह थेट त्यांच्याकडून मागवा, म्हणजे मधल्या दुकानाचा वाटा वाचून जास्त पैसा त्यांच्याकडे जातो. आवडलेल्या तीन कथांवर खूण करा आणि त्या तिघांनी आणखी कुठे लिहिलंय ते शोधा.