एकांकिकेतलं अंतराळ स्थानक: फिरतं की वजनरहित?

देवळासमोरच्या मांडवात विज्ञान एकांकिका करायची म्हटलं की दिग्दर्शक इथेच अडतो.

खर्चाला आणि मेहनतीला फिरतं स्थानक सोपं. स्थानक स्वतःभोवती फिरतं म्हणून आत वजन जाणवतं; पात्रं नेहमीसारखी चालतात, पेला टेबलावर राहतो. पण संहितेतला आकार तपासा. मिनिटाला दोन फेऱ्यांत पृथ्वीइतकं वजन हवं तर त्रिज्या साधारण 224 मीटर लागते. 10 मीटर लिहिलीत तर मिनिटाला साडेनऊ फेऱ्या होतात, डोक्यापाशी वजन पायांपेक्षा सहावा हिस्सा कमी पडतं आणि मान वळवली की मळमळतं.

वजनरहित स्थानकात पेन, चमचा तंगूसाने टांगावे लागतात. समोरचा दिवा पडला की तंगूस चमकतो, म्हणून मागे काळा पडदा आणि उजेड बाजूने. मांडव समुद्राकाठी असला तर खाऱ्या वाऱ्याने वस्तू हेलकावतात, तेव्हा मांडव समुद्राच्या अंगाने बंद करा. नटांनी तरंगण्याचं सोंग पूर्ण वेळ धरणं कठीणच.

नाट्य मात्र इथे जास्त आहे. वजन नसलं की गरम हवा वर चढत नाही. हवा हलवणारा पंखा बंद पडला तर झोपलेल्याच्या तोंडाभोवती त्याचाच कार्बन डायऑक्साइड साचतो. केवढा प्रसंग आहे हा! फक्त ‘इथे गुरुत्वाकर्षणच नाही’ असा संवाद नको. 400 किलोमीटर उंचीवर ते जवळपास 90 टक्के असतं. यान सतत पडत असतं, म्हणून वजन जाणवत नाही.

मोठा संच, उघडा मांडव, कमी तालमी असतील तर फिरतं घ्या. दोन-तीन कसलेले नट आणि बंद सभागृह असेल तर वजनरहितच करा.