अफगाणी युद्ध-गालिचा : एक पावसाळा काढल्यानंतर

दिल्लीतल्या एका अफगाण व्यापाऱ्याकडून उन्हाळ्यात हा बलुची गालिचा घेतला. दोन बाय तीन फुटांचा असेल. तेव्हापासून पुण्यातल्या आमच्या हॉलमध्ये रोजच्या वावरात आहे.

लांबून नेहमीचाच वाटतो : गडद लाल, काळपट निळा, मधूनच उंटाच्या रंगाची लोकर. जवळ बसलं की कळतं, किनारीत फुलांच्या जागी हातबॉम्ब आहेत. मधे रणगाडे आणि कलाश्निकोव्ह बंदुका, वर हेलिकॉप्टर. त्याचा पंखा इतका नेटका विणलाय की सासूबाई त्याला फूलच समजत होत्या. कळल्यापासून त्या गालिच्याला वळसा घालून जातात.

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, त्या फेब्रुवारी १९८९ मध्ये परतल्या. त्या वर्षांत विणकरांनी, त्यात बायाच जास्त, पिढीजात नक्षीत डोक्यावर घिरट्या घालणारी यंत्रं बसवली. पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावण्यांतही हे विणकाम चाललं. पुढे परदेशी गिऱ्हाईक वाढलं तसं मागणीप्रमाणे विणणं सुरू झालं. २००१ नंतर तर ट्विन टॉवर्सचेही गालिचे आले. म्हणून विक्रेता ‘रशियन काळातला’ म्हणाला, तरी त्या शब्दाचे पैसे देऊ नका. गालिचा उलटा करून गाठी बघा, ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का तेही बघा.

टिकायला दणकट आहे. इतकी वर्दळ होऊनही लव बसलेली नाही. एका ठिकाणी लाल रंग अचानक फिकट होतो. रंगवलेली एक लोकर संपून दुसरी सुरू झाली, ती ही जागा. मला तीच सर्वांत आवडते.

पावसाळ्यात मात्र लक्ष द्यावं लागलं. दमट हवेत कुबट वास येतो, आणि सोफ्याखाली गेलेल्या कोपऱ्याला कसर लागायची भीती. उघडीप मिळाली की सावलीत वारा द्यायचा. व्हॅक्यूम फिरत्या ब्रशशिवाय, गोंडे सोडून.

भिंतीवर लावा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मी जमिनीवरच ठेवलाय. मुलं त्यावर पालथी पडून रणगाड्यांवरून बोट फिरवतात आणि विचारतात, हे कुणाचे, कुणावर चालले होते? ते सांगायची तयारी असेल तरच हा गालिचा घरी आणा. सोफ्याला शोभेल असं काहीतरी हवं असेल, तर साधा फुलांचा बलुची घ्या. तोही इतकाच टिकतो.