पीकिल की किलऑल? नाव घेऊन प्रोसेस बंद करण्यापूर्वी

एखादी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, बंद करायची तर आधी पीएस कमांडने यादी काढा, तिच्यातून प्रोसेसचा आयडी नंबर शोधा, मग किल करा. या द्राविडी प्राणायामाला कंटाळलेल्यांसाठी लिनक्सवर दोन कमांड आहेत, पीकिल आणि किलऑल. दोन्हींना नाव सांगितलं की पुरतं. काही वेगळं सांगितलं नाही तर दोन्ही सिग्टर्म, म्हणजे प्रोसेसला बंद व्हायला सांगणारा 15 नंबरचा सिग्नल पाठवतात. त्यामुळे बरेच जण त्या आलटून पालटून वापरतात. पण नाव जुळवण्याची दोघींची रीत अगदी वेगळी आहे, आणि नुकसान होतं ते तिथेच.

किलऑलला पूर्ण नाव हवं. पीकिल दिलेला शब्द रेग्युलर एक्सप्रेशन (अक्षरांचा नमुना) म्हणून वाचते आणि नावाचा तुकडा जुळला तरी सिग्नल पाठवून मोकळी होते. समजा, दूरच्या सर्व्हरवर तुम्ही रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून लॉगिन आहात आणि तिथून दुसऱ्या मशीनशी जोडलेलं एक अडकलेलं एसएसएच कनेक्शन तोडायचं आहे. 'किलऑल एसएसएच' दिलंत तर फक्त एसएसएच याच नावाच्या प्रोसेस जातील. 'पीकिल एसएसएच' दिलंत तर बाहेरून येणारी लॉगिन सांभाळणाऱ्या एसएसएचडीमध्येही तीच अक्षरं आहेत, म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळणार. तुमचं स्वतःचं सेशन तुटेल आणि परत आत शिरायची वाटही बंद. पीकिलला -एक्स जोडलं की तीही पूर्ण नावच बघते. हा पर्याय मुळातच चालू असायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

मग पीकिल वापरायचीच कशाला? कारण नाव पुष्कळदा उपयोगाचंच नसतं. पायथनच्या पाच स्क्रिप्ट चालू असतील तर पाचही प्रोसेसचं नाव बहुधा पायथनच दिसतं, जावाचंही तेच. त्यातली नेमकी एक गाठायची तर -एफ लावून पूर्ण कमांड लाइनमध्ये शोधावं लागतं. शिवाय -यू ने एकाच युजरच्या प्रोसेस निवडता येतात आणि -एन ने सगळ्यात नवी. लिनक्स कर्नल (सिस्टमचा गाभा) प्रोसेसच्या नावाची फक्त 15 अक्षरं ठेवतं, त्यामुळे त्याहून लांब नाव पीकिलला दिलं तर काहीच सापडत नाही. तिथेही -एफच कामी येतं.

मात्र -एफ ही दुधारी सुरी आहे. एडिटरमध्ये तीच स्क्रिप्ट उघडी असेल तर एडिटरच्या कमांड लाइनमध्येही तिचं नाव असतं, आणि एडिटरही जातो. म्हणून आधी पीग्रेप -एएफ ही नुसती शोधणारी कमांड देऊन यादी डोळ्यांखालून घालावी. जुळवणीचे नियम पीकिलचेच, फक्त मारामारी नाही. यादी पटली की वरच्या बाणाने तीच ओळ परत आणून पीग्रेपचं पीकिल करायचं आणि -ए काढून टाकायचा. किलऑलमध्ये हीच खबरदारी -आय ने घेता येते; ती प्रत्येक प्रोसेसआधी विचारते. शिवाय -डब्ल्यू लावलं तर प्रोसेस खरोखर संपेपर्यंत ती थांबून राहते, जे स्क्रिप्टमध्ये फार सोयीचं पडतं.

काही सापडलं नाही तर किलऑल तसं सांगते. पीकिल गप्प बसते, फक्त एक्झिट कोड (कमांड संपताना मागे ठेवते तो निकालाचा आकडा) 1 देते.

जुन्या सोलारिसवर (युनिक्सच्या एका प्रकारावर) बसायची वेळ आली तर सावध. तिथली किलऑल नाव वगैरे बघत नाही, मारता येतील त्या सगळ्या प्रोसेस बंद करते; ती आहेच मुळी शटडाउनसाठी. पीकिल मात्र सोलारिसमध्येच जन्मली, त्यामुळे तिथे तीच वापरावी.

माझा कौल असा: नाव छोटं, ठरलेलं आणि मशीन लिनक्स असेल तर किलऑल. स्क्रिप्ट, जावा किंवा अनेक युजरचा सर्व्हर असेल तर आधी पीग्रेप, मग पीकिल. कोणतीही घ्या, पहिल्याच फटक्यात -9 (जबरदस्तीने मारणारा सिग्नल) नको. त्या सिग्नलनंतर प्रोग्रामला फाइल नीट बंद करायला वेळच मिळत नाही. सिग्टर्म देऊन चार-पाच सेकंद थांबा, तरी हटला नाही तर मग -9.

आणि मारलेली प्रोसेस लगेच नव्या आयडीने पुन्हा उभी राहत असेल तर ती बहुधा सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या, ताब्यात असते. तिथे या दोघींशी झटापट करण्यात अर्थ नाही. सिस्टमसीटीएल स्टॉप आणि पुढे त्या सेवेचं नाव द्या.