व्हॅनमध्ये घरची उपकरणं चालवायची तर मोठा इन्व्हर्टर, १२ व्होल्टची साधनं की पॉवर स्टेशन?

कॅम्परव्हॅनच्या बॅटरीवर घरातली उपकरणं चालवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती वॉटचा इन्व्हर्टर (बॅटरीच्या १२ व्होल्टचे घरचे २३० व्होल्ट करणारं यंत्र) घेऊ? २००० चा का ३००० चा? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. आधी बघायचं की कुठलं उपकरण दिवसात किती वेळ चालणार, कारण बॅटरी रिकामी होते ती जास्त वेळ चालणाऱ्या गोष्टींनी आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो तो जास्त वॉटच्या गोष्टींनी, आणि या दोन वेगळ्या भानगडी लोक एकत्र करतात मग नको तिथे खर्च होतो.

रस्ते तीन आहेत. पहिला, २०००-३००० वॉटचा इन्व्हर्टर बसवायचा आणि घरची केटल, मायक्रोवेव्ह, फ्रिज जसंच्या तसं व्हॅनमध्ये आणायचं. दुसरा, फ्रिज, लाइट, पंखा, पाण्याचा पंप, मोबाइल-लॅपटॉप चार्जिंग सगळं थेट १२ व्होल्टवर आणि किरकोळ गोष्टींना ३००-६०० वॉटचा छोटा इन्व्हर्टर. तिसरा म्हणजे तयार पॉवर स्टेशन, ज्याच्या एकाच डब्यात बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर सगळं येतं. मी दुसऱ्या पार्टीतला आहे हे आधीच सांगून टाकतो, पण पहिला रस्ता घेणारे वेडे आहेत असं अजिबात नाही.

केटलपासून सुरू करू कारण ती सगळ्यात बदनाम. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला साधारण ९३ वॉट-अवर (वॉट गुणिले तास) लागतात, केटल कुठलीही असो, हे पाण्याचं गणित आहे. इन्व्हर्टरचे, केटलचे लॉसेस धरून बॅटरीतून १२० गेले म्हणा, म्हणजे १०० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे अँपिअर गुणिले तास) बॅटरीतले जेमतेम ९-१० एएच. आता याच्या शेजारी घरचा छोटा फ्रिज ठेवा. तो दिवसाला ५००-६०० वॉट-अवर खाणार, वर त्याच्यासाठी मोठा इन्व्हर्टर चोवीस तास चालू, आणि इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता ऑन असला तरी १५-२० वॉट पितो, म्हणजे १५ धरले तरी दिवसाला ३६० वॉट-अवर फुकट गेले, सगळं मिळून आकडा हजाराच्या आसपास जातो. तेच काम ४०-५० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ३५०-५०० मध्ये करतो (उकाडा असेल तर जास्त). म्हणजे केटलच्या नावाने बोंब मारायची आणि फ्रिजकडे बघायचंच नाही हे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं. काही इन्व्हर्टरमध्ये सर्च मोड असतो, लोड नसला की झोपतो आणि अधूनमधून चाचपणी करतो, पण इलेक्ट्रॉनिक बोर्डवाले फ्रिज त्याला नीट जागं करत नाहीत, त्यामुळे त्याच्यावर फार भरवसा ठेवू नका.

मग केटल लावली की सगळं बंद का पडतं? कारण २००० वॉट १२ व्होल्टमधून काढायचे म्हणजे १७५-१८० अँपिअर. लेड अॅसिड बॅटरीवर हे प्रत्यक्ष असं दिसतं: बटण दाबलं की इन्व्हर्टरचा फॅन भर्रकन सुरू होतो, व्होल्टमीटर १२.६ वरून धाडकन अकराच्या खाली येतो, टीं टीं टीं अलार्म आणि खेळ खलास. केटल बंद करून परत मीटर बघाल तर १२.४, म्हणजे बॅटरी भरलेलीच होती, फक्त तिला एवढा करंट एका दमात देता आला नाही. लेड अॅसिडवर छापलेले १०० एएच हे २० तासांच्या हिशोबाचे असतात, ५ अँपिअरने २० तास. जितका जास्त करंट ओढाल तितकी तिची खरी क्षमता कमी भरते, आणि आयुष्य टिकवायचं तर निम्म्याच्या खाली न्यायची नाही, म्हणजे हातात राहिले ६०० वॉट-अवर.

लिथियम, म्हणजे व्हॅनमध्ये जी लिथियम आयर्न फॉस्फेट वापरतात ती, १०० एएचमध्ये १२८० वॉट-अवर देते आणि त्यातले ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येतात, व्होल्टेजही फारसं पडत नाही. पण इथे एक गोम आहे जी दुकानदार सांगत नाहीत. आतला बीएमएस (बॅटरीला सांभाळणारा आणि करंट जास्त झाला की तोडणारा बोर्ड) बऱ्याच १०० एएच बॅटऱ्यांमध्ये १०० अँपिअरचाच असतो, म्हणजे बाहेर सलग ११०० वॉटच्या आसपास मिळणार, मग तुम्ही ३००० वॉटचा इन्व्हर्टर लावा नाहीतर ५००० चा, बीएमएस कट मारणार. २००० वॉट खरोखर सलग पाहिजेत तर तशा दोन बॅटऱ्या पॅरलल लावा किंवा २०० अँपिअरच्या बीएमएसची एक मोठी घ्या, आणि हे इन्व्हर्टर घ्यायच्या आधी बॅटरीच्या स्पेक शीटमध्ये बघा. आणि शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नाही, वापरली तर चालते, चार्जिंग मात्र नाही.

केबलचं पण बघा, हा खर्च कोणी धरतच नाही. बॅटरी ते इन्व्हर्टर दोन मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तांबं. १६ स्क्वेअर एमएमच्या वायरमधून १८० अँपिअर नेले तर ०.८ व्होल्ट वाटेतच जातात आणि दीडशे वॉट वायर तापवण्यात. ५० स्क्वेअर एमएम टाकली तर ०.३ व्होल्ट आणि पन्नासेक वॉट. टोकाचा लग (वायर बोल्टला जोडायची धातूची कडी) नीट दाबलेला नसेल तर आधी तोच गरम होतो, दोन मिनिटं केटल चालवून बंद करा आणि बोल्टजवळ हात नेऊन बघा, कळतं लगेच. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या जितका जवळ बसेल तितका जवळ, लिथियमला क्लास टी (खूप मोठा करंटही तोडू शकणारा फ्यूज) सगळ्यात बरा कारण शॉर्ट झाला तर करंट हजारोंत जातो. आणि लायटर सॉकेटमधून जास्तीत जास्त १२०-१५० वॉट निघतात, तिथे ६०० वॉटचा इन्व्हर्टर खुपसायचा नाही.

छोट्या इन्व्हर्टरवाल्यांनी केटल सोडायची का, तर नाही, ७०० वॉटची ट्रॅव्हल केटल घ्यायची. पाणी तीन-चार मिनिटांऐवजी दहाएक मिनिटांनी उकळतं, करंट ६०-६५ अँपिअर, बॅटरीतून जाणारी एनर्जी जवळपास तेवढीच. अर्थात मग इन्व्हर्टर १००० वॉटचा लागतो. एवढा मधला तोडगा बहुतेकांना पुरतो असं मला वाटतं.

बाकीची उपकरणं पटापट. मायक्रोवेव्हवर ८०० वॉट लिहिलंय ते जेवणात जाणारे, प्लगमधून तो १२००-१३०० ओढतो, त्यामुळे १००० च्या इन्व्हर्टरवर चालणार नाही, पण पाच मिनिटं चालवला तर बॅटरीतून ११०-१२० वॉट-अवर, परवडतं. इंडक्शनवर खरा स्वयंपाक म्हणजे अर्धा तास हजार वॉट धरले तरी ५०० च्या वर, रोज दोनदा करणार असाल तर बॅटरी आणि सोलर दोन्ही वाढवा नाहीतर गॅस घ्या, आणि गॅस घेतला तर हवा खेळती ठेवा, कार्बन मोनॉक्साइड अलार्म पण लावा. हेअर ड्रायर दहा मिनिटं १५०० वॉट, २८० गेले. रूम हीटर विसरा, १५०० वॉटचा हीटर एक तास चालवायला अख्खी १०० एएचची लिथियम पुरत नाही. लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावू नका, १२ चे २३० करायचे आणि अडॅप्टरने परत २० करायचे हा द्राविडी प्राणायाम कशाला, यूएसबी-सीचा १२ व्होल्टचा चार्जर मिळतो.

इन्व्हर्टर छोटा असो वा मोठा, प्युअर साइनच (घरच्या लाइनसारखी गुळगुळीत लहर देणारा) घ्या. मॉडिफाइडवाला (पायऱ्यापायऱ्यांची लहर देणारा) स्वस्त असतो, केटल-बल्ब त्याच्यावर चालतात, पण मायक्रोवेव्ह गुरगुरतो आणि कमी तापवतो, मोटरवाल्या गोष्टी गरम होतात, काही चार्जर चालतच नाहीत. आणि कॉम्प्रेसर, मिक्सर वगैरे सुरू होताना क्षणभर कितीतरी पट ओढतात, म्हणून लेबलवरचा सर्ज आकडा पण बघायचा, पण निर्णय त्याच्यावर नाही, सलग वॉटवर घ्यायचा.

पॉवर स्टेशन कोणासाठी? ज्याला व्हॅनला भोकं पाडायची नाहीत, भाड्याची गाडी आहे, महिन्यातून एखादा वीकएंड जायचंय, त्याच्यासाठी एकदम बेस्ट, वायरिंगचा डोक्याला ताप नाही आणि परत आल्यावर घरात पण वापरता येतं. अडचण चार्जिंगची. लायटर सॉकेटवरून त्याच्यात साधारण १०० वॉट जातात, म्हणजे हजार वॉट-अवरचा डबा भरायला दहा तास गाडी चालवा! फिक्स बॅटरीला ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावरच्या जनित्रावरून, बॅटरी भरणारा) लावला तर तासाला ३० एएच आत, जवळपास चौपट. (मधे हा चार्जर न लावता लिथियम थेट अल्टरनेटरला जोडायची नाही, अल्टरनेटर तापून जातो.) २०० वॉटचं पॅनल छतावर सपाट असेल तर चांगल्या उन्हात दिवसाला ६००-८०० वॉट-अवर, ढगाळ असेल तर त्याच्या पावपण नाही मिळत. डब्यातलं काही बिघडलं तर अख्खा डबा सर्व्हिसला, फिक्स सिस्टीममध्ये जो पार्ट गेला तेवढाच बदलायचा.

तेव्हा रोज गाडी हलणार असेल, मायक्रोवेव्ह-इंडक्शन हवंच असेल तर मोठा इन्व्हर्टर घ्या, पण फ्रिज तरीही १२ व्होल्टचाच ठेवा आणि इन्व्हर्टरचं ऑन-ऑफ बटण हाताशी घ्या, म्हणजे काम झालं की बंद. एकाच जागी दोन-तीन दिवस थांबायची सवय असेल तर दुसरा रस्ता, डोळे झाकून. नवीनच सगळं बांधताय आणि ३००० वॉट खरंच पाहिजेत तर २४ व्होल्टचा विचार करा, करंट निम्मा होतो. आणि बाहेरून कॅम्पसाइटची लाइन घेणार असाल तर ती आणि इन्व्हर्टरचं आउटपुट एकाच सॉकेटवर कधी एकत्र येता कामा नये, मधे चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकच लाइन जोडणारा) पाहिजेच, अर्थिंग आणि आरसीडी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पण, आणि हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या कारण इन्व्हर्टरचे २३० व्होल्टही घरच्या लाइनइतकाच झटका देतात.