पायवाटेवरील लाकडी निवारा: खांब पुरावेत की दगडावर उभे करावेत?

जंगलातील पायवाटेवर विसाव्यासाठी लाकडी निवारा बांधताना छपराच्या आकारावर बरीच चर्चा होते, परंतु त्याचे आयुष्य ठरते ते खांब जमिनीला जिथे टेकतात तिथे.

खांब थेट जमिनीत पुरले तर काम सोपे होते. खड्डा, खांब आणि ठोकून बसवलेली खडी एवढ्यावर भागते, सिमेंट डोक्यावरून वाहून न्यावे लागत नाही आणि पुरलेला भाग वाऱ्याचा आडवा जोर स्वतःच पेलतो. मात्र बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात, आणि ती दोन्ही जमिनीच्या पातळीलगत कायम मिळत असल्याने, वरून धडधाकट दिसणारा खांबही तिथे चाकूचे टोक दाबताच भुसभुशीत लागतो.

दगडी किंवा काँक्रीटच्या बैठकीवर लोखंडी पट्टीने धरलेला खांब जमिनीपासून वीतभर वर राहतो. लाकूड सर्वाधिक पाणी आपल्या कापलेल्या टोकातून शोषते, त्यामुळे त्या टोकाखाली बोटभर फट ठेवून ते वाळू देणे फार मोलाचे असते. येथे तिरके आधार आणि वाऱ्याने छप्पर उचलले जाऊ नये म्हणून बोल्ट अनिवार्य ठरतात. खर्च आणि कष्टही वाढतात.

माझा कल निःसंशय बैठकीकडे आहे, कारण दुर्गम ठिकाणी दुरुस्तीला वारंवार जाणे होत नाही. हंगामापुरता निवारा हवा असेल तर टिकाऊ गाभ्याच्या लाकडाचे खांब पुरणेही योग्यच. फक्त वळचण इतकी पुढे काढावी की पागोळ्या खांबांच्या बुंध्याशी पडणार नाहीत.