जुन्या शेवरोले ३१०० चा वायपर: वॅक्यूमच ठेवायचा की इलेक्ट्रिक मोटर टाकायची?

१९४७ ते १९५३ मधली शेवरोले पिकअप घेतली, रंग झाला, इंजिन सुरू झालं, आणि मग पहिल्या पावसात कळतं की वायपर अर्ध्या काचेवर जाऊन ठाण मांडून बसतोय. मग विचारणा सुरू, इलेक्ट्रिक किट टाकू का, आहे तोच रिपेअर करू का, की भंगारातून एखादी मोटर आणून बसवू. तिन्ही गोष्टी होतात, पण सगळ्यांना एकच उत्तर चालत नाही. तुमच्या गाडीत बॅटरी किती व्होल्टची आहे आणि तुम्ही गाडी कुठे चालवता या दोन गोष्टींवर बहुतेक सगळं ठरतं, मोटर कुठल्या कंपनीची हे फार नंतर येतं.

आधी मुळात यात काय आहे ते बघू. या ट्रकला वायपरसाठी वीज लागतच नाही, इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर, म्हणजेच वॅक्यूमवर, तो चालतो. इनटेक मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा जाते त्या पाइपवरून) एक नळी डॅशच्या मागे जाते, तिथे एक चपटा डबा असतो, तीच वॅक्यूम मोटर, त्याच्या आत चामड्याची कड असलेली एक पट्टी, आणि एक छोटा व्हॉल्व्ह ओढ कधी या बाजूला कधी त्या बाजूला देतो, की पट्टी इकडून तिकडे झुलते. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, धडधाकट इंजिनला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) वॅक्यूम मिळतो. पण चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलात की तो जवळपास शून्यावर येतो, म्हणजे ट्रकमागून ओव्हरटेक करताना, समोरून चिखलपाणी उडत असताना, वायपर नेमका तेव्हाच थांबतो. पाय उचलला की परत वेड्यासारखा फटाफट हलायला लागतो. हा बिघाड नाहीये, त्याची रचनाच तशी आहे. काही गाड्यांना यावर उपाय म्हणून डबल पेट्रोल पंप असायचा, एक भाग पेट्रोल ढकलायचा आणि दुसरा वायपरसाठी वॅक्यूम तयार करायचा. तुमच्यात तो असेल तर आधी त्याचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) तपासा, मोटर बिचारी उगाच बदनाम होते.

वॅक्यूमच ठेवायचा असेल तर

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी तोडफोड हीच. मोटर लिंकेजपासून (मोटरची हालचाल ब्लेडपर्यंत नेणाऱ्या सळ्यांपासून) सुटी करा आणि हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ओढून बघा. सुटी असताना मस्त झुलते आणि जोडल्यावर अडकते, तर दोष मोटरचा नाही, लिंकेजच्या बुशांचा किंवा काचेखालच्या पिव्हटचा (ब्लेडची दांडी ज्यावर फिरते त्या खुंटाचा). सत्तर वर्षांचं वाळलेलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं, ते साफ करून नवीन टाकलं की निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच मिटतो असं माझं मत. सुटी असतानाही अडखळत असेल तर चामडं वाळलंय. डबा उघडायचा, चामड्याला नीट्सफूट ऑइल (चामडं मऊ ठेवणारं तेल) द्यायचं, गॅस्केट नवीन टाकायचं. रबरी नळीही बदला, चिरलेली नळी वायपर तर बंद पाडतेच वर इंजिनाचं आयडलही बिघडवते.

या वॅक्यूमवाल्याचा एक फायदा कोणी सांगत नाही. अमेरिकेत मिशिगन, मिनेसोटाकडे राहत असाल आणि सकाळी ब्लेड काचेला बर्फाने चिकटलेलं असेल, तर वॅक्यूम मोटर नुसती थांबते, नुकसान काही नाही. इलेक्ट्रिक मोटर मात्र जोर लावत राहते, मग एकतर फ्यूज जातो, नाहीतर ब्लेडच्या दांडीचे दाते घासतात, नाहीतर मोटर तापते. म्हणून इलेक्ट्रिक बसवली की आधी बर्फ हाताने काढायचा, मगच स्विच.

पण इंजिन बदललेलं असेल, म्हणजे मूळचं सहा सिलिंडरचं काढून तिखट कॅमशाफ्टवालं (जास्त ताकदीसाठी व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारं) व्ही-८ बसवलं असेल, वर ब्रेक बूस्टरही त्याच वॅक्यूमवर असेल, तर हा पर्याय सोडूनच द्या. तेवढी ओढच मिळत नाही.

तयार इलेक्ट्रिक किट

या मॉडेलसाठी बोल्टने बसणाऱ्या किट मिळतात, ६ व्होल्टच्या पण आणि १२ व्होल्टच्या पण. मूळ वॅक्यूम मोटर निघते, त्या जागी ब्रॅकेटसकट नवीन मोटर, लिंकेज तेच राहतं. दोन स्पीड, शिवाय बंद केल्यावर ब्लेड आपोआप खाली जाऊन थांबतं. हे पार्किंग कसं होतं हे समजून घेतलं तर वायरिंग अर्धं सोपं जातं: मोटरच्या आत एक कॅम (उंचवटा असलेली चकती) असतो, तुम्ही स्विच बंद केला तरी एका वेगळ्या वायरने करंट येत राहतो, ब्लेड खालच्या टोकाला आलं की कॅम तो तोडतो. ती वायर थेट करंटवर न जोडता चुकून स्विचमधून बाहेर येणाऱ्या बाजूला जोडलीत तर ब्लेड जिथे असेल तिथेच उभं राहणार, आणि मग मोटर खराब निघाली म्हणून लोक परत पाठवतात.

आता व्होल्टचा मुद्दा, खरी गोची इथेच आहे. मूळ ट्रक ६ व्होल्टचा. तेवढाच वॅट घ्यायचा तर ६ व्होल्टला करंट दुप्पट लागतो, म्हणजे वायर जाड हवी आणि अर्थिंग एकदम स्वच्छ हवं, ब्रॅकेटखालचा रंग खरवडून नागडा लोखंड दिसला पाहिजे. शिवाय जुना जनरेटर आयडलवर जवळपास काही देतच नाही, रात्री पावसात सिग्नलला उभे असताना हेडलाइट, हीटर आणि आता वायपर, सगळं बॅटरीवर. चालतं, नाही असं नाही, पण बॅटरी आणि जनरेटर दोन्ही तब्येतीत हवेत. १२ व्होल्टची मोटर ६ वर जोडली तर ती रांगते, तो प्रयोग करू नका. आणि फक्त वायपरसाठी अख्खी गाडी १२ व्होल्ट करायला निघू नका बरं का, बल्ब, कॉइल, हॉर्न, हीटरची मोटर, पेट्रोलचा काटा, एकेक करत सगळी यादी मागे लागते. ती करायचीच होती तर गोष्ट वेगळी.

फोर्डवाल्यांसाठी जाता जाता एक सूचना: फोर्डच्या पिकअप १९५५ पर्यंत ६ व्होल्ट आणि वर पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं), १९५६ पासून १२ व्होल्ट निगेटिव्ह अर्थ. शेवरोले आधीपासूनच निगेटिव्ह. किट मागवताना हे स्पष्ट सांगा, नाहीतर चुंबकवाली मोटर उलटी फिरेल आणि पार्किंगचा खेळ होईल.

बसवायला कष्ट किती? मोटर बसवणं सोपं, तिथपर्यंत हात पोचणं अवघड. ग्लोव्ह बॉक्सचा पुठ्ठ्याचा डबा काढा, रेडिओ असेल तर तोही उतरवा, डिफ्रॉस्टरच्या नळ्या बाजूला करा, आणि पाठीवर उताणं पडून काम करायची तयारी ठेवा. बॅटरी आधी सोडा. मॅनिफोल्डवरचं वॅक्यूमचं तोंड बंद करायला विसरू नका, उघडं राहिलं तर इंजिन फालतू हवा ओढतं आणि आयडल बिघडतं. लिंकेजचे बुश या निमित्ताने बदलाच, वॅक्यूमच्या नाजूक ओढीत जे ढिलेपण खपून जायचं ते इलेक्ट्रिकच्या जोरात खडखडायला लागतं. आणि काचेवरच्या ब्लेडच्या दांड्या सगळ्यात शेवटी: आधी दांड्यांशिवाय मोटर चालवा, स्विच बंद करा, ती जाऊन थांबली की मगच दांड्या खालच्या जागी बसवा, काच ओली करा, मग परत चालवा. कोरड्या काचेवर चाचणी घेऊन नवीन ब्लेडची वाट लावणारे बरेच बघितलेत.

भंगारातली किंवा युनिव्हर्सल मोटर

वेल्डिंग येत असेल, लेथवाला ओळखीचा असेल, वेळ भरपूर असेल तरच. कारण एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, वॅक्यूम मोटरचा दांडा इकडून तिकडे झुलतो, नंतरच्या गाड्यांची मोटर मात्र पूर्ण गोल फिरते. म्हणजे जुन्या लिंकेजला नुसती जोडता येत नाही, मधे क्रँक (गोल फिरणं झुलण्यात बदलणारा छोटा दांडा) लागतो, आणि त्या क्रँकची लांबी थोडी जरी जास्त झाली तरी लिंकेज शेवटच्या टोकाला अडकतं किंवा वाकतं. लांबी कमी झाली तर काच अर्धीच पुसली जाते. बोटीच्या वायपरची मोटर स्वतःच झुलते, ती प्रत्येक पिव्हटला एकेक बसवता येते, पण मग दोन्ही ब्लेड आपापल्या तालावर हलतात. दोन तुकड्यांची काच असल्यामुळे आपटत नाहीत, पण दिसतं विचित्र. पैसे वाचतात म्हणून हा पर्याय घेणारे शेवटी किटएवढेच खर्च करतात, मजा म्हणून करायचा तर जरूर करा.

आता कोणाला काय. गाडी आधीच १२ व्होल्टची केलेली असेल आणि पावसात, डोंगराच्या रस्त्याने चालवत असाल, पेन्सिल्वेनियाचे चढ असोत नाहीतर आपला आंबा घाट, तर डोळे मिटून १२ व्होल्टची किट. ६ व्होल्ट असेल, गाडी रविवारी उन्हात बाहेर निघत असेल, प्रदर्शनाला जात असेल, तर वॅक्यूम साफ करा आणि खूश राहा, प्रदर्शनातले परीक्षक वायपरचा मूळ नॉब आणि नळी दोन्ही बघतात. ६ व्होल्ट आणि रोजची गाडी असं असेल तर ६ व्होल्टची किट घ्या, पण आधी जनरेटर दाखवून घ्या.

आपल्याकडे पण असे काही ट्रक उरलेत, जनरल मोटर्सचा शिवडीला १९२८ ते १९५४ कारखाना होता, तिथे शेवरोले जोडल्या जायच्या. अशी गाडी व्हिंटेज म्हणून, २०२१ च्या नियमातल्या ‘व्हीए’ सिरीजमध्ये नोंदवायची असेल, तर ती ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात हवी. त्या नियमाचा रोख चासी, बॉडी आणि इंजिनावर आहे, वायपरच्या मोटरवर नाही, तरी नवीन भोकं पाडू नका, मूळ ब्रॅकेटच्या भोकांतच बसेल अशी किट बघा. काढलेली वॅक्यूम मोटर तेल लावून डब्यात ठेवा आणि डब्यावर नाव लिहा, गाडी विकताना घेणारा पहिली तीच मागतो.