रिंग-पिस्टनचे पैसे घेतले, चेंबर उघडलाच नाही

डिझेल गाडी सकाळी उशिरा सुरू होते म्हणून कोणी मिस्त्री थेट "इंजिन उतरवावं लागेल" म्हणाला, तर गाडीची चावी परत मागून घ्या आणि आधी हे वाचा. माझे ५२,००० रुपये गेले. वर चांगला इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) गेला, तो वेगळाच.

माझी पिकअप आहे, अडीच लिटरचं कॉमन रेल इंजिन, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच पाईपातून जबर दाबानं डिझेल देणारं. नारायणगावहून टोमॅटो भरायचा, माळशेज उतरून कल्याण नाहीतर वाशी गाठायची, हा धंदा. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागायचा, मग पांढरा धूर सोडत सुरू व्हायची. एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही. ऑईल कमी होत नव्हतं, घाटात ओढही बरी होती.

मिस्त्रीनं चालू इंजिनचं ऑईलचं झाकण काढलं, वाफ आली ती मला दाखवली. "शेठ, कॉम्प्रेशन गेलंय. रिंग-पिस्टन, बेअरिंग, हेड गॅस्केट, सगळं मारावं लागेल." थोडी वाफ तर धडधाकट इंजिनातूनही येते. कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो ते, आणि ते मोजायला गेज असतो, चांगल्या डिझेल इंजिनात साधारण २५ ते ३० बार दाखवतो. पण त्याच्याकडे गेजच नव्हता. "कानाला कळतं, शेठ," म्हणाला. बाजूला त्याचा पोरगा हवा काढायची म्हणून इंजेक्टरच्या पाईपचे नट सैल करून सेल्फ मारत होता. ही जुन्या पंपाच्या गाड्यांची सवय. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब चढतो, ती बारीक धार कातडी भेदून बोटात शिरते आणि बोट कापायची वेळ येते. त्याला कोणी हे शिकवलंच नव्हतं.

गाडी मिळाली ती एका पिशवीसकट. "हे तुमचे जुने पिस्टन-रिंग, बघून घ्या." पावती कच्ची, वहीचं पान फाडून. बिलाचं विचारलं तर जीएसटी लावून आकडा किती वाढेल ते ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, सेल्फ घरघरतोय आणि पांढरा धूर. आता त्यात भर म्हणजे इंजिन आयडलला थरथरायला लागलं आणि बॉनेटखालून फुस-फुस आवाज. फोन केला तर म्हणाला, नवीन रिंग आहेत, बसायला वेळ लागतो, हजार-दोन हजार किलोमीटर चालवा. हे उत्तर फार सोयीचं आहे. तेवढी गाडी पळेपर्यंत गिऱ्हाईक थकतं.

मग चाकणला एका पंप-नोझलवाल्याकडे, म्हणजे डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्यानं रात्रभर गाडी तिथेच ठेवून घेतली. सकाळी चावी न लावता आधी डिझेल फिल्टरवरचा हातानं दाबायचा प्रायमर दाबत राहिला, कडक होईपर्यंत. मग सेल्फ मारला. एका झटक्यात सुरू! "दादा, कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन प्रायमर दाबून सुरू होत नाही. ही हवा धरतीय." फिल्टरनंतरच्या पाईपात त्यानं पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. डिझेलबरोबर बारीक बुडबुड्यांची माळ चाललेली मी डोळ्यांनी पाहिली. फिल्टरच्या सीलमधून हवा शिरत होती, रात्रीत डिझेल मागे टाकीकडे उतरत होतं. सील आणि चांगला फिल्टर टाकला, हजाराच्या आत काम संपलं.

फुस-फुस आवाजाचं कारण इंजेक्टर काढल्यावर दिसलं. बुडाशी काळ्या डांबरासारखा कार्बन जमलेला. इंजेक्टर काढला की खालचा तांब्याचा वॉशर नवा टाकायचा असतो. इथे जुनाच दाबून बसवला होता, तिथून गॅस वर येत होता. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला) बाटल्या लावून चाचणी घेतली, तीन बाटल्या सारख्या आणि एक केव्हाच भरलेली. त्या चौथ्या इंजेक्टरवरचा कोड गाडीच्या ईसीएममधल्या (इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या) कोडशी जुळेना. उरलेल्या तिघांचे बरोबर जुळत होते. म्हणजे माझा काढून कोणाच्या तरी गाडीतला गळका आत घातलेला. नवा कोड स्कॅनरनं भरायचा असतो, तेही केलेलं नव्हतं. थरथर त्याचीच.

हे सगळं बघून त्यानं गाडी रॅम्पवर घेतली आणि मला खाली बोलावलं. पिस्टन काढायचा तर खालून चेंबर, म्हणजे इंजिनच्या बुडाचा ऑईलचा डबा, उतरवून कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सोडावेच लागतात. चेंबरच्या बोल्टांवर जुना चिखल वाळून दगड झालेला, काहींवर कंपनीच्या रंगाची खूण जशीच्या तशी. पान्याचा एक ओरखडा नाही. पिशवीतल्या पिस्टनला त्यानं व्हर्निअर लावलं. माझ्या इंजिनचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८९ मिलिमीटरच्या आसपास, आणि हा पिस्टन शंभराच्या घरातला. "हा तर ट्रॅक्टरचा असेल," म्हणून तो हसला. मला काही हसू आलं नाही.

इंजिनचं काम काढणारच असाल तर गाडी सोडायच्या आधी इंजेक्टरवरचे कोड आणि पंपाचा नंबर मोबाईलमध्ये टिपून घ्या, चेंबरच्या बोल्टांचे फोटो काढा, आणि चेंबर उतरवलेला असताना मला बोलवा असं बजावून सांगा. ज्याला काम करायचंय तो नाही म्हणत नाही. पैसे यूपीआयनं द्या. माझ्या कच्च्या पावतीला तीच नोंद आधाराला आली.

तक्रारीचं बोलायचं तर, गाडी धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं काही जण सांगतील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारानं पोट भरणाऱ्याला सूट आहे, स्वतः गाडी चालवून घर चालवणारा त्यात बसतो. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाईनवर आधी नोंद करता येते. जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पंपवाल्यानं चाचणीचा अहवाल लेटरहेडवर लिहून दिला, तो, फोटो, यूपीआयची नोंद आणि तो ट्रॅक्टरचा पिस्टन घेऊन मी तक्रार टाकली आहे. नोटीस गेल्यावर मिस्त्रीचा फोन आला, पोरानं घोळ केला म्हणे, निम्मे पैसे घेऊन मिटवा. मी इंजेक्टर आणि पूर्ण रक्कम मागितली आहे.